झडती



गेल्या महिन्यात विहारातल्या आपल्या अभ्यासवर्गात अण्णाभाऊंच्या 'फकिरा'वर चर्चा झाली. बोलायचं मला होतं. मी बोललो नाही. पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि मागं भिंतीला टेकून बसलो. पोट दुखत नव्हतं. का बोललो नाही ते पुढं येईलच. तेव्हा राहिलं ते आता लिहितोय.

मी समीक्षक नव्हे. दहावी नापास माणूस. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर तुटलेले धागे जोडतो. विहारातल्या कपाटातली पुस्तकं उसनी नेऊन, तिसऱ्या पाळीनंतर डोळ्यांवर पाणी मारून वाचतो. तेव्हा शब्द इकडंतिकडं झाले तर सांभाळून घ्या. मुद्दा चुकला तर मात्र सोडू नका.

त्या दिवशी दोन भाषणं गाजली. पाहुणे प्राध्यापक म्हणाले, फकिरा हा शेवटी दरोडेखोर. लेखकानं त्याला देव केला. वाङ्मयानं समाजाला नीती शिकवावी, दरोडा शिकवू नये. यावर आपला एक कार्यकर्ता उसळून उठला. म्हणाला, उपाशी माणसाला नीती परवडत नाही. नीती ही पोटभरल्यांची चैन आहे. चोरी हाच आमचा विद्रोह. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

घरी जाताना लक्षात आलं की ही दोन माणसं भांडली, पण एका गोष्टीवर त्यांचं एकमत होतं. चोराला नीती नसते, हे दोघांनी धरून चाललेलं. एक म्हणतो नीती नसते म्हणून तो वाईट. दुसरा म्हणतो नीती नसते म्हणून तो शूर. मला दोन्ही पटत नाही. माझं म्हणणं असं आहे की गुन्हा करताना माणूस आपली नीती घरी खुंटीला टांगून जात नाही. बरोबर घेऊन जातो. तीच त्याला सांगते, इथं हात घाल, तिथं घालू नको. हे मला पुस्तकांनी शिकवलं आणि गिरणीच्या गेटानंही शिकवलं.

आधी पुस्तकांकडं वळू.

'फकिरा' १९५९ साली आली. अण्णाभाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. आपल्यातल्या काहींना ही गोष्ट ठाऊक नसते, कारण ती कादंबरी 'मांगांची' म्हणून बाजूला ठेवण्याची खोड आपल्यालाही आहे. ते असो. कादंबरी उघडली की पहिली चोरी कुठली दिसते? धान्याची नव्हे, खजिन्याचीही नव्हे. जोगिणीची. एका गावची जोगीण दुसऱ्या गावानं पळवून आणायची, मग जत्रा त्या गावची, मान त्या गावचा. फकिराचा बाप राणोजी ती आणायला जातो आणि जीव गमावतो. नीट बघा. दुसऱ्या गावचा मान पळवणं ही चोरीच. पण गावाच्या नीतीत ती चोरी नाही, पराक्रम आहे. तिला नियम आहेत, शीव आहे. शिवेच्या आत तो माणूस वीर, शिवेच्या बाहेर तोच चोर. एकच माणूस, एकच कृत्य. मधली रेघ फक्त शिवेची.

इथं माझी अण्णाभाऊंवर पहिली तक्रार आहे. आदर ठेवूनच करतो. राणोजी ज्या गावासाठी मेला त्या गावानं त्याचं घर कुठं ठेवलं होतं? गावकुसाबाहेर. गावचा मान त्याच्या मुंडक्यावर आला आणि गावात त्याला जागा नाही. अण्णाभाऊ राणोजीचं शौर्य असं रंगवतात की अंगावर काटा येतो. पण हा हिशोब ते मांडत नाहीत. गावानं आपली नीती त्याच्या गळ्यात घातली आणि त्यानं ती दागिना समजून मिरवली. गुन्हा करायला लावणारी नीती ही अशीही असते. ती आपली नसते, पण आपण तिच्यापायी मरतो.

पुढं दुष्काळ येतो. माणसं मरायला लागतात. मग फकिरा धान्य लुटतो आणि वाटतो. पुढं सरकारी खजिना लुटतो. प्राध्यापक म्हणाले तो हा दरोडेखोर. पण कादंबरीत फकिरा तडक उठून लुटायला जात नाही. आधी माणसं बसतात, बोलतात. मरायचं की जगायचं, जगायचं तर कसं, कुणाचं घ्यायचं. आपला कार्यकर्ता म्हणतो तसं नुसतं पोट बोलत असतं तर जवळच्या झोपडीतली भाकर ओढून घेतली असती. ते कुणी करत नाही. जिथं कोठार भरलंय तिथं ही माणसं जातात, आणि आणलेलं एकट्यानं खात नाहीत. ही नीतीच झाली. कायद्याच्या पुस्तकात तिला जागा नाही एवढंच.

माझी दुसरी तक्रार इथली. लुटीचा निर्णय पक्का व्हायला गावातल्या विष्णुपंत कुलकर्ण्यांचा शब्द लागतो. काय वाटेल ते करा पण जगा, असा त्यांचा सूर. विष्णुपंत भला माणूस आहे, मी नाही म्हणत नाही. अण्णाभाऊंना जातीजातींतला भलेपणा दाखवायचा होता हेही कळतं. पण मला खुपतं ते हे की मांगवाड्याला आपल्या जगण्याचा दाखलाही कुलकर्ण्याच्या सहीनं मिळावा? फकिराची नीती फकिरापाशी होती. तिला वरून परवानगी नको होती. शेवटी मात्र तो निर्णय स्वतः घेतो. आपली माणसं सरकारनं धरली, छळली, तेव्हा त्यांच्यासाठी तो आपण होऊन हजर होतो. मला विचाराल तर कादंबरीतला सगळ्यात मोठा क्षण खजिन्याचा नाही, हा आहे. इथं त्याला कुणी परवानगी दिलेली नाही.

आता दुसरं पुस्तक. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या'. १९८७ साली आलं, पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी मिळालं. हा माणूस लातूरच्या सूतगिरणीत काम केलेला, म्हणून मला ते घरचं वाटतं. त्यातलं कापसाचं, पाळीचं, युनियनचं वाचताना माझ्या कानात फ्रेम घरघरत होती.

'उचल्या'त चोरी हा धंदा आहे, आणि धंद्याला शिस्त आहे. पोरांना लहानपणापासून मारून तयार करतात, का तर उद्या पोलिसानं हाणलं तर तोंड उघडू नये. मार खाऊन नाव न सांगणं ही तिथली सगळ्यात मोठी नीती. खोटं बोलणं हे तिथं सत्याला धरून राहणं आहे, कारण सत्य म्हणजे आपला माणूस. उलट जे आपण चांगलं म्हणतो ते तिथं अनीतीत जातं. पोरगा शाळेत जायला लागला आणि वस्तीतल्या पोरांना हगवण-उलटी लागली, तेव्हा दोष शाळेत जाणाऱ्या पोरावर आला. आपल्यात कुणी शिकत नाही, तू शिकलास म्हणून देव कोपला. हे वाचून आपण हसतो. हसू नका. शिक्षणाला पाप ठरवणारी नीती त्यांनी स्वतः बनवली नव्हती. ती हजारो वर्षं वरून झिरपत खाली आली होती.

आणि या पुस्तकात आणखी एक चोर आहे. तो खाकीत आहे. घरात शिरून झडती घेतो, बायामाणसांना छळतो, चोरीतला वाटा घेतो आणि वाटा घेऊन परत धरून नेतो. त्याचीही नीती असणारच. जन्मानं चोर असलेल्यांकडून घेतलं तर ती काय चोरी, असं त्याला वाटत असणार.

हे 'जन्मानं चोर' कुठून आलं? १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढं वाढवत वाढवत तो देशभर नेला. जमातच्या जमात यादीत घातली. पाळण्यातलं पोर गुन्हेगार. हजेरी द्या, गाव सोडताना परवानगी घ्या. सोलापुरात तारेच्या कुंपणात सेटलमेंट होती आणि तिथली माणसं गिरण्यांत कामाला जात. म्हणजे ज्याला चोर म्हणून कोंडलं त्याच्याच हातांनी सूत कातून घेतलं. स्वातंत्र्य १९४७ ला आलं, पण हा कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. पाच वर्षं उशिरा. आणि त्यानंतर १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आलाच. यादी गेली, वही राहिली.

आता आपल्या कार्यकर्त्याचं वाक्य परत घ्या. उपाशी माणसाला नीती नसते. इंग्रज म्हणत होता, रक्त त्याच्याकडून चोरी करवतं. आपण म्हणतो, पोट करवतं. फरक काय झाला? दोघांनीही माणसाचा निर्णय काढून घेतला. माझ्या आईनं उपास काढले, चोरी केली नाही. तुमच्याही आयांनी नाही केली. त्या सगळ्या भित्र्या होत्या काय? आणि ज्यांनी केली ते सगळे यंत्रं होते काय? आमच्या कवितांमधून भूक येते, मग चोरी येते, मग पोलीस येतो. मधली रात्र कुणीच लिहीत नाही. माणूस अंथरुणावर पडून, करू का नको, कुणाचं घेऊ, कुणाचं नको, असा विचार करतो ती रात्र. मीही लिहिली नाही. माझ्या चार कविता या मासिकात आल्यात, चारींत भूक आहे, एकीतही ती रात्र नाही.

तिसरं पुस्तक बाबुराव बागुलांचं, 'जेव्हा मी जात चोरली होती', १९६३. नावातच चोरी आहे. रेल्वेत कामाला लागलेला तरुण खोली मिळावी म्हणून जात लपवतो. कुठल्या कायद्यात हा गुन्हा आहे? कुठल्याच नाही. उलट अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा. घटनेच्या कलम १७ नं ती संपवली, १९५५ साली तिच्यासाठी शिक्षेचा कायदा झाला. पण जात कळल्यावर त्याला मार पडतो. कालपर्यंत त्याला मान देणारे हेच लोक. मारणारे गुंड नाहीत, सोवळ्यातले, पूजापाठातले आहेत. त्यांनी नीती सोडली म्हणून मारलं नाही. नीती पाळली म्हणून मारलं. आपलं घर बाटलं, धर्म राखला पाहिजे, म्हणून हात उगारला. अशा माणसाला रात्री झोप चांगली लागते.

दोस्तांनो, हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. नीती माणसाला गुन्ह्यापासून रोखते असं शाळेत शिकवतात. अर्धं खरं आहे. नीती माणसाकडून गुन्हा करवून घेते हे उरलेलं अर्धं. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला एका बौद्ध घरातली चार माणसं जमावानं मारली. आई, मुलगी आणि दोन मुलगे. त्या जमावात उपाशी कोण होता? पोटासाठी कुणी मारलं नाही. या माणसांनी पायरी सोडली, मान वर केली, असं ज्यांना वाटलं त्यांनी मारलं. खालच्या कोर्टानं २००८ साली सहा जणांना फाशी सांगितली, २०१० साली हायकोर्टानं ती २५ वर्षांच्या कैदेवर आणली. पण १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली शिक्षा झाली नाही. म्हणजे कोर्टाला हात दिसला, हाताला चालवणारी नीती कायद्यात पकडता आली नाही.

आणि बागुलांवरही माझी एक तक्रार आहे. मार खाऊन झाल्यावर कथेतला तरुण दोष मारणाऱ्यांवर टाकत नाही, मनूवर टाकतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उठून उभा राहिलो होतो, इतकं ते भिडलं. आता वाटतं, मनूनं मारलं म्हटलं की समोरचा माणूस सुटला. उपाशी चोराचा निर्णय पोटावर ढकलायचा नसेल तर सोवळ्या गुंडाचा निर्णयही मनूवर ढकलता येणार नाही. मनूनं काठी दिली असेल. उचलली त्यानं.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त याचं मूळ सांगितलंय. नियम वेगळा आणि तत्त्व वेगळं. नियम सांगतो काय कर. तत्त्व सांगतं कशावरून ठरव. नियमानं चालणाऱ्याला जबाबदारी नसते, तत्त्वानं चालणाऱ्याला असते. आणि जातीनं नीतीलाही जातीत कोंडलं, दया जातीपुरती, सद्गुण जातीपुरता. मी मघा शीव म्हणालो ती हीच. राणोजीच्या गावाची शीव, उचल्यांच्या टोळीची शीव, घरमालकाच्या सोवळ्याची शीव. प्रत्येकाच्या आत चोरी पाप, मारणं पाप. बाहेर सगळं चालतं.

आता गेटाकडं येतो. अभ्यासवर्गात मी का बोललो नाही ते.

आमच्या खात्यात माझा एक जोडीदार होता. नाव लिहीत नाही. त्याची जमात त्या १८७१ च्या कायद्याच्या यादीतली. काम चोख. सुट्टीच्या वेळी गेटावर झडती होते तेव्हा वॉचमन त्याला बाजूला घ्यायचा. चप्पल काढ, पट्टा काढ, डबा उघड. आम्हाला नुसता हात फिरवून सोडायचा. तीन वर्षं हे चाललं आणि त्याच्यापाशी एकदाही काही निघालं नाही. आम्ही तीन वर्षं ते पाहिलं आणि घरी गेलो.

दोन महिन्यांमागं त्याच्या डब्याच्या पिशवीत सुताचे दोन कोन निघाले. त्याच दिवशी काढून टाकलं. खात्यात दुपारपर्यंत एकच वाक्य फिरलं, शेवटी जात दाखवली. म्हणणाऱ्यांत आपल्या वस्तीतले होते. निळा झेंडा घेऊन पुढं चालणारे होते. आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही डोक्यात पहिल्यांदा तेच आलं. तोंडातून निघालं नाही एवढंच.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. म्हणालो, का केलंस गड्या? तो म्हणाला, "तीन वर्सं रोज चोर म्हणून कपडे काढले. म्हटलं, नाव तर हायच, माल तरी असू दे." मग थोडा थांबून म्हणाला, "तुझ्या घरातनं, त्या दुकानातनं कवा काय उचललंय का मी? तिथं माझी माणसं हायेत. गिरणीत माझं कोण हाय?"

इथं पोट नव्हतं आणि रक्तही नव्हतं. तीन वर्षांचा विचार होता. त्यानं रेघ ओढली होती आणि गिरणी रेघेच्या बाहेर पडली होती. आधी गिरणीनं त्याला रेघेच्या बाहेर ठेवलं होतं.

मग तो म्हणाला, "आन् तुझ्या कागदाचं काय, कवी?"

दोस्तांनो, या मासिकाचा मागचा अंक तुम्ही वाचलात. त्याचे कागद मी गिरणीच्या हिशोबखात्यातून आणले होते. रोज थोडे थोडे, सदऱ्याच्या आत पोटाला बांधून. वॉचमन माझ्यावर वरवर हात फिरवतो म्हणून. मला एकदाही चोरी वाटली नव्हती. चळवळीचं काम, मालकाचे कागद, त्यात काय. दर रविवारी विहारात न दिलेलं घेणार नाही असं मी तोंडानं म्हणत होतो आणि सोमवारी कागद बांधत होतो. त्यानं सूत घेतलं, मी कागद घेतले. त्याचे दोन कोन सापडले कारण त्याची झडती खरी व्हायची. माझे कागद सापडले नाहीत कारण त्याच्या झडतीत वॉचमनचा सगळा वेळ जायचा. म्हणजे तीन वर्षं त्याच्या अंगाच्या आडून मी निघालो. अभ्यासवर्गात फकिराच्या नीतीवर बोलायला मी कुठल्या तोंडानं उभा राहणार होतो?

तुम्ही म्हणाल, मालकानं तरी काय कमी चोरलं? खरं आहे. आमच्या पगारातून फंड कापला जातो आणि सात महिन्यांचा फंड भरलाच नाही हे आत्ता कळलंय. कामगाराचा कापलेला फंड न भरणं हा कायद्यानं विश्वासघाताचा गुन्हा आहे. त्याची झडती कुठल्या गेटावर? पण मालक मोठा चोर म्हणून माझे कागद माझे होत नाहीत. तसं म्हटलं की मी त्याच्याच पाळीत कामाला लागलो. त्याचीही रेघ आहे, आम्ही त्या रेघेच्या बाहेर आहोत, म्हणून त्यालाही झोप लागते.

मग काय करायचं? 'दीघनिकाया'त दोन सुत्तं आहेत, आपल्या वर्गात ती वाचलीच पाहिजेत. कूटदंत सुत्तात राजाला सल्ला मिळतो की चोर-दरोडेखोर मारून, कोंडून संपणार नाहीत. शेती करणाऱ्याला बियाणं दे, व्यापार करणाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला वेतन दे. दुसरं चक्कवत्ति सीहनाद सुत्त. त्यातला राजा गरिबाला धन देत नाही. दारिद्र्य वाढतं, एक जण चोरी करतो. राजा विचारतो का, तो म्हणतो जगायला काही नाही. राजा त्याला धन देतो. हे ऐकून आणखी लोक चोरी करतात, म्हणजे आपल्यालाही मिळेल. मग राजा घाबरून डोकं उडवायला लागतो. ते बघून लोकही हत्यारं घेतात आणि लुटताना डोकी उडवतात. म्हणजे खून करायला लोक राजाकडून शिकले. आणि चोरीनंतर दिलेली दया कामाची नाही. न्याय आधी पाहिजे, सगळ्यांना पाहिजे.

बुद्धाचं शील मला म्हणून वेगळं वाटतं. ते कुणाच्या शिवेपुरतं नाही. न दिलेलं घेऊ नये, यात कुणाचं ते सांगितलेलं नाही. मांगाचं, पारध्याचं, मालकाचं, बाईचं, सगळ्यांचं. कामगाराचा फंड हेही न दिलेलंच घेणं आहे. हे शील फक्त गरिबाच्या पिशवीला लावलं की ते झडती होतं. कचेरीला आणि पिशवीला सारखं लावलं की तो धम्म होतो.

तेव्हा लिहिणाऱ्या मित्रांना माझी विनंती. चोराला देव करू नका, राक्षस करू नका, आणि भुकेचं यंत्र तर मुळीच करू नका. त्याची रेघ कुठं होती ते शोधा. कुणी ओढली ते शोधा. आणि ज्याच्या हातात काठी होती त्याचीही रात्र लिहा, त्यालाही सोडू नका. अण्णाभाऊ, बागुल, गायकवाड यांनी दार उघडलंय. आपण उंबऱ्यावर उभं राहून घोषणा देतोय.

शेवटी हिशोब. मागच्या अंकाच्या कागदांची किंमत काढली आणि ती मी हिशोबखात्यातल्या कारकुनाच्या हातात दिली, कशाची ते सांगून. त्यानं पैसे घेतले आणि म्हणाला, कुणाला बोलू नको. मी बोलतोय. उद्या गेटावर मला बाजूला घेतील, घेऊ देत. या अंकाचे कागद वर्गणीतून विकत आणलेत.

फंडाच्या अर्जावर सह्या चालू आहेत. पहिली सही माझ्या जोडीदाराची आहे. कामावरून काढलं तरी कापलेला फंड त्याचाच आहे. तो गेल्या रविवारी विहारात आला, 'फकिरा' मागून घेऊन गेला. परत आणून देईल. ज्यांना शंका असेल त्यांनी हा लेख परत पहिल्यापासून वाचावा, आणि मग येऊन अर्जावर सही करावी.